लेबलावरची सर्पगंधा



एरवी या मालिकेत माझ्यासमोर नकाशा असतो आणि हातात पट्टी. आज समोर फक्त एक रिकामी बाटली आहे. व्हिडिओत ती मी कॅमेऱ्यापुढे धरली होती. पुस्तक वाचणाऱ्यांसाठी सांगतो: तीस मिलिलिटरची तपकिरी काचेची बाटली, ड्रॉपरचं झाकण, आणि लेबलावर छापलेलं नाव 'राउवोल्फिया सर्पेंटिना', म्हणजे आपली सर्पगंधा. नावापुढे बारीक अक्षरांत '३० सीएच'. आजचा इतिहास त्या बारीक अक्षरांचा आहे.

बाटली मीच आणली होती, थोरल्या भावासाठी. अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांचा उभा जन्म दिल्लीत गेला आणि निवृत्तीनंतर त्यांनी गाझियाबादला फ्लॅट घेतला. मी २०१४ साली फौजेतून बाहेर पडलो आणि नोएडाला अरुण विहारमध्ये राहायला आलो. अण्णा हिंडन नदीपलीकडे, अर्ध्या तासावर आहेत, हे त्यामागचं एक कारण होतं. त्यांना रक्तदाबाचा त्रास जुना. गोळीने पाय सुजायचे. ही त्या गोळीची माहीत असलेली खोड आहे, डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळी बदलून दिली असती. पण अण्णा डॉक्टरांशी बोलण्याऐवजी माझ्याशी बोलले. मी इतिहासाचा किडा, त्यांना सर्पगंधेची गोष्ट सांगितली. ती गोष्ट खरी आहे, आजही सांगेन. आधी तीच सांगतो.

करोल बागेत, आज जिथे मेट्रोखालून गर्दीतून वाट काढावी लागते, तिथे आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेज आहे. हकीम अजमल खान यांनी ते उभं केलं. कोनशिला १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी बसवली आणि उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींनी केलं. एकाच इमारतीच्या दोन समारंभांत पाच वर्षांत देश किती बदलला ते दिसतं, पण तो वेगळा विषय. अजमल खान घराणेशाही हकीम होते, बल्लीमारानमध्ये त्यांची हवेली. तरी त्यांचा आग्रह असा की आपल्या जुन्या वनस्पती प्रयोगशाळेत नेऊन तपासायच्या. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरलं. हकीमसाहेब १९२७ च्या डिसेंबरात गेले. सिद्दिकींनी काम सोडलं नाही. १९३१ साली त्यांनी सर्पगंधेच्या मुळातून स्फटिकरूपात पदार्थ वेगळे काढले आणि त्यातल्या एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून 'अजमलीन' म्हटलं. हे दिल्लीत घडलं. हृदयाच्या ठोक्यांचा एक विशिष्ट दोष ओळखण्यासाठी अजमलीन आजही वापरतात.

सर्पगंधा काही नवी नव्हती. बिहारकडे तिचं मूळ 'पागल की दवा' म्हणून विकलं जायचं. मूळ खाल्लं की माणूस शांत होतो हे लोकांना ठाऊक होतं. पण ते का होतं, किती मुळाने होतं, कुणाला चालतं, कुणाला नाही, हे कुणी मोजलेलं नव्हतं. त्याच १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी मनोविकारात आणि वाढलेल्या रक्तदाबात उपयोगी पडते. मग रामनाथ चोप्रांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये तिच्यावर काम केलं. चोप्रा हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे फौजी अधिकारी, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच माया आहे. देशातल्या औषधांच्या भेसळीची चौकशी करणाऱ्या १९३०-३१ च्या समितीचेही तेच अध्यक्ष होते.

आणि मग आपली मुंबई. डॉ. रुस्तुम जाल वकील, पारशी हृदयरोगतज्ज्ञ. १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा अभ्यास छापला. सर्पगंधा दिल्यावर वरचा आकडा किती उतरला, खालचा किती, कुणाला काय त्रास झाला, सगळं कोष्टकांत. तो लेख वाचून अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी ती वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळातून रिसर्पीन काढलं, आणि पुढची काही वर्षं जगभर रक्तदाबावर तेच औषध चाललं. डॉ. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून आपली छाती फुगते. माझीही फुगली होती. अण्णांना मी नेमकी इथपर्यंतच सांगितली, पुढची नाही.

पुढची अशी की रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य यायला लागलं. नाक चोंदणं, पोटाच्या तक्रारी वेगळ्याच. मिलिग्रॅमच्या पाव भागाने फरक पडतो असं ते प्रकरण. त्यामुळे चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. माझ्या मते सर्पगंधेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे: तिने नुकसान केलं. जी वस्तू शरीरात काही करते ती चुकीचंही काही करू शकते. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद छापली, गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्यांची. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती दुसऱ्याच जातीची वेल असू शकते. वाद राहू द्या. पण वाद कशाबद्दल आहे बघा: वेल कोणती, मात्रा किती, यकृत कुणाचं. दोन्ही बाजूंना मान्य आहे की काढ्यात काहीतरी आहे.

आता बाटलीकडे येऊ. त्यासाठी जर्मनीला जावं लागेल.

सॅम्युअल हानेमान, जन्म १७५५, माइसेनचा. माणूस हुशार, बहुभाषी आणि आपल्या काळातल्या वैद्यकीवर वैतागलेला. वैतागायला कारणही होतं. तेव्हाचे नामवंत डॉक्टर रोग्याची शीर कापून रक्त काढायचे, पाऱ्याची औषधं तोंड सुजेपर्यंत द्यायचे. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये घसादुखीने अंथरुणाला खिळले तेव्हा एका दिवसात त्यांचं इतकं रक्त काढलं की घशाने मेले की डॉक्टरांनी, यावर आजही चर्चा होते. हानेमानने प्रॅक्टिस जवळपास सोडली आणि भाषांतरं करून पोट भरू लागला. १७९० मध्ये विल्यम कलेन यांच्या ग्रंथाचं भाषांतर करताना त्याने सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. त्याला थंडीतापासारखी लक्षणं जाणवली. सिंकोना मलेरिया बरा करते, आणि निरोगी माणसात मलेरियासारखंच काहीतरी घडवते! यावरून त्याने नियम काढला: जे जसं दुखवतं, ते तसं दुखणं बरं करतं. १८१० मध्ये त्याचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ आला.

इथवर सिंकोना ही झाडाची सालच आहे. म्हणून लोक म्हणतात, 'म्हणजे झाडपालाच ना?' फाटा पुढे फुटतो. औषधांनी रोग्यांना त्रास व्हायचा म्हणून हानेमानने ती पातळ करायला घेतली. एक थेंब औषध, नव्याण्णव थेंब अल्कोहोल किंवा पाणी, ठरावीक पद्धतीने झटके देऊन हलवायचं. ही झाली एक पायरी, १ सी. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णव थेंबांत, २ सी. अशा तीस पायऱ्या म्हणजे ३० सी. आणि त्याचं म्हणणं असं की औषध जितकं पातळ, तितकी त्याची शक्ती मोठी.

मी एनडीएचा, त्यामुळे हिशोब खडकवासल्याच्या भाषेत सांगतो. फौजी रमचा एक मोठा पेग, साठ मिलिलिटर, खडकवासला धरण तुडुंब असताना त्यात ओता. उपयुक्त साठा सुमारे दोन टीएमसी. नीट ढवळलं तर हे मिश्रण साधारण ६ सी होतं. त्यातला एक पेग पाणी घ्या, त्यात रमच्या अल्कोहोलचे अब्जावधी रेणू अजून सापडतील. आता हा पेग दुसऱ्या एका भरलेल्या, स्वच्छ खडकवासल्यात ओता. १२ सी. या दुसऱ्या धरणातून तुम्ही तीन-चार पेग काढलेत तर सगळ्यांत मिळून एखादा रेणू हाती लागेल, नशीब असेल तर. तिसऱ्या धरणात काहीच येत नाही. ३० सी म्हणजे पाचवं धरण. माझ्या कोर्समेटना हा हिशोब सांगितला तेव्हा एकाने फक्त पहिल्या पेगबद्दल हळहळ व्यक्त केली.

हानेमानला हे कळायची सोय नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ठरावीक वजनाच्या पदार्थात रेणू किती, याचा अंदाज पहिल्यांदा लोशमिटने १८६५ मध्ये बांधला. हानेमान १८४३ मध्ये पॅरिसला वारला होता. त्याच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट मात्र रोज घडत होती: त्याचे रोगी, रक्त काढणाऱ्या डॉक्टरांच्या रोग्यांपेक्षा जास्त जगत होते. युरोपात पटकीच्या साथी आल्या तेव्हाही होमिओपॅथीच्या इस्पितळांत मृत्यू कमी, अशा नोंदी झाल्या. जिथे शेजारचा डॉक्टर आजारी माणसाचं रक्त काढतो, तिथे साधं पाणी देणारा जीवदाता ठरतो. ही पद्धत टिकली त्यामागे माझ्या वाचनात आलेलं सगळ्यात पटणारं कारण हे आहे.

ही विद्या आपल्याकडे आली तीही फौजी वाटेने. योहान मार्टिन होनिगबर्गर हा ट्रान्सिल्व्हेनियाचा माणूस लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या पदरी होता. डॉक्टर तर होताच, शिवाय महाराजांच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची देखरेखही त्याच्याकडे. मधल्या काळात तो युरोपात गेला, हानेमानला भेटला, औषधं घेऊन परतला. १८३९ मध्ये महाराजांची वाचा गेली होती, तेव्हा त्याने त्यांना 'डल्कामारा' दिलं, आपल्या वांग्याच्या कुळातली एक वेल. महाराजांना जरा बरं वाटल्याचं तो सांगतो. त्याच वर्षी २७ जूनला महाराज वारले. दारूगोळा मोजून भरणारा माणूस औषधाच्या बाबतीत मोजमाप सोडतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. कलकत्त्याचे नामवंत एम.डी. महेंद्रलाल सरकार होमिओपॅथीचे टीकाकार होते. १८६७ मध्ये त्यांनी जाहीर सभेत ती स्वीकारली आणि समव्यावसायिकांनी त्यांना वाळीत टाकलं. हेच सरकार १८७६ मध्ये विज्ञान संशोधनाची ती संस्था काढतात, जिथे पुढे सी. व्ही. रामन यांनी काम केलं. माणसं अशी एकरंगी नसतात. बंगालमधून ती देशभर गेली. औषध स्वस्त, गोळी गोड, डॉक्टर तासभर ऐकून घेणारा. १९७३ मध्ये संसदेने केंद्रीय होमिओपॅथी परिषदेचा कायदा केला. १९९५ मध्ये केंद्रात खातं झालं त्याचं नाव होतं 'भारतीय चिकित्सा पद्धती आणि होमिओपॅथी'. त्या नावात एक 'आणि' होता. २००३ मध्ये नाव 'आयुष' झालं आणि तो 'आणि' गळून पडला. दिल्लीतल्या सरकारी दवाखान्याच्या एकाच पाटीखाली आज तिब्बिया कॉलेजची परंपरा आणि माइसेनचा हानेमान शेजारी बसतात. मग अण्णांसारख्या शिकलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटलं तर दोष कुणाचा?

पण खात्री करायला काय हरकत आहे, असं कुणी म्हणेल. ती १८३५ मध्येच झाली होती. न्यूरेंबर्ग शहरात होमिओपॅथीचे समर्थक आणि विरोधक यांचं वर्तमानपत्रांतून जुंपलं. एक होमिओपॅथ म्हणाला, मिठाची ३० वी पायरी निरोगी माणसाने घ्यावी, परिणाम जाणवेलच. गावकऱ्यांनी खानावळीत सभा भरवली, शंभरावर माणसं जमली. शंभर कुप्या आणल्या. अर्ध्यांत वितळलेल्या बर्फाचं शुद्ध पाणी, अर्ध्यांत त्याच पाण्यात केलेलं मिठाचं ३० सी. कुप्या मिसळून त्यांना नंबर दिले, कोणत्या नंबरात काय याची यादी बंद पाकिटात. कुपी देणाऱ्यालाही ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही. तीन आठवड्यांनी पन्नास जणांनी आपला अनुभव कळवला. ४२ जणांना काहीच जाणवलं नव्हतं. आठ जणांना काहीतरी जाणवलं. पाकीट उघडलं. आठांपैकी पाच जणांकडे मिठाची कुपी होती, आणि तिघांनी नुसतं पाणी प्यायलं होतं. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची पत्रिकांवर चाचणी घेतली होती ना, जात तीच. गावच्या खानावळीत पावणेदोनशे वर्षं आधी! अलीकडे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये १७६ अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही असं सांगितलं. मला स्वतःला न्यूरेंबर्गची खानावळ जास्त पटते.

आता बारीक अक्षरं. होमिओपॅथीच्या दुकानात सर्पगंधा दोन रूपांत मिळते. एक 'मदर टिंक्चर', लेबलावर क्यू हे अक्षर. हा मुळाचा अल्कोहोलमधला अर्क, पातळ न केलेला. त्यात सर्पगंधा असते, म्हणून तो औषधासारखा वागतो, म्हणून धोकाही त्यातच. मुळातल्या द्रव्याची मात्रा गोळीइतकी नेमकी नसते. दुसरं रूप ३०, २००, १००० वगैरे. गाझियाबादला, अण्णांच्या घरापासून फार लांब नाही, सरकारची होमिओपॅथिक औषधांची प्रमाणक प्रयोगशाळा आहे, १९७५ पासूनची. मदर टिंक्चर खरं की भेसळीचं ते रसायनशास्त्राने ओळखता येतं. सर्पगंधा ३० आणि सोमल ३०, दोन्ही लेबलं काढून ठेवली, तर कोणतं कुठलं हे ओळखायला बाटलीत काही उरलेलंच नसतं. सोमल म्हटलं ते मुद्दाम. २०२० मध्ये कोविड प्रतिबंधासाठी वाटलं गेलं ते 'आर्सेनिकम अल्बम ३०', म्हणजे सोमलच. महाराष्ट्रात वाटलं, आमच्या सेक्टरातही वाटलं. त्यात खरोखर सोमल असता तर मी पहिला धावलो असतो अडवायला. मी डबी घेतली, आभार मानले आणि फडताळात ठेवली.

२०१५ च्या ऑक्टोबरात अण्णा म्हणाले, "तू ती सर्पगंधा म्हणालास ना, ती होमिओपॅथीत मिळते म्हणे. येताना घेऊन ये." मी दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "मदर में दूँ या थर्टी में?" मला फरक ठाऊक नव्हता. बत्तीस वर्षं फौजेत काढली, कुठलंही बॅरल, कुठलाही फ्यूज, खालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय हात लावला नाही. इथे मी विचारलं, "दोनों में स्ट्राँग कौन-सी है?" तो म्हणाला, "पावर तो थर्टी की ज़्यादा है, साहब." मी थर्टी घेतली. त्याच्या शास्त्राप्रमाणे त्याने खरंच सांगितलं होतं.

अण्णांनी गोळी बंद केली. वहिनींनाही सांगितलं नाही. पायांची सूज उतरली, त्यामुळे त्यांना वाटलं औषध लागू पडलं. सूज गोळी थांबल्यामुळे उतरली होती. रक्तदाब मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. फोनवर विचारायचो, "अण्णा, तुम्हाला कसं वाटतंय?" ते म्हणायचे, "अरे, एकदम हलकं." १४ जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या रात्री, वहिनींचा फोन आला की अण्णांचं तोंड वाकडं झालंय आणि शब्द फुटत नाही. वरचा आकडा दोनशे दहा होता.

इस्पितळात डॉक्टरांनी कोणती औषधं चालू आहेत विचारलं तेव्हा वहिनींनी पर्समधून ही बाटली काढून दिली. डॉक्टरांनी लेबल वाचलं, बारीक अक्षरांसकट, आणि बाटली माझ्या हातात ठेवली. काही बोलले नाहीत. मी म्हणालो, "सर्पगंधा आहे, डॉक्टर." ते म्हणाले, "साहेब, नाव आहे."

वाचा पुष्कळशी परत आली. उजवा हात नाही. आता सही डाव्या हाताने करतात, बँकेत नवी नोंदवावी लागली. गोळी बदलून दिली आहे, पाय सुजत नाहीत. दर रविवारी मी जातो, चहाआधी रक्तदाब मोजतो, वहिनी वहीत तारीख घालून लिहितात. गेल्या रविवारी १३८ वर ८४ होता. अण्णांनी वही पुढे ओढून आकडा स्वतः पुन्हा वाचला.